नोटेवरची बाई आणि आमची नोंदवही

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेवया पसरत असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हात चालू ठेवा, कान फक्त इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. बाई आपल्याकडची नाही, सातासमुद्रापारची आहे. पण गोष्ट ऐकलीत तर म्हणाल, हे तर आपल्याच घरातलं.

त्याचं असं झालं. आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा ऑस्ट्रेलियात नोकरीला आहे. दिवाळीत आला, तेव्हा काकूंनी त्याच्याकडून तिकडची एक नोट मागून घेतली आणि बैठकीत दाखवायला आणली. वीस डॉलरची, लालसर रंगाची. तिच्यावर टोपी घातलेली, चष्मा लावलेली एक म्हातारी बाई. आम्ही म्हटलं, राणी असेल. काकूंचा मुलगा हसला. म्हणाला, "राणी नाही मावशी, व्यापारी होती. आणि त्याआधी कैदी."

कैदी बाई नोटेवर? मग आमच्या बैठकीत बचतीचा हिशेब राहिला बाजूला आणि तिचीच चर्चा सुरू झाली. पुढचे दोन महिने आम्ही तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं, मुलींना मोबाईलवर शोधायला लावलं. तिचं नाव मेरी रीबी. तिचं आयुष्य लोकांनी कसं शोधून काढलं, हे कळल्यावर आमच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. तो शेवटी सांगतो.

आधी तिची गोष्ट.

मेरीचा जन्म १७७७ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातल्या बरी गावी झाला. माहेरचं आडनाव हेडॉक. आईबाप लवकर गेले, आजीनं सांभाळलं. चौदा वर्षांची असताना तिच्यावर घोडा चोरल्याचा खटला चालला. पकडली तेव्हा ती मुलाच्या वेशात होती आणि नाव सांगितलं होतं जेम्स बरो. खटल्याच्या वेळी उघड झालं की हा मुलगा नसून मुलगी आहे. जुलै १७९१ मध्ये स्टॅफर्डच्या कोर्टानं तिला सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्या काळी इंग्रज सरकार आपल्या कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवत असे. रॉयल अ‍ॅडमिरल नावाच्या जहाजातून ती १७९२ च्या ऑक्टोबरात सिडनीला पोचली. पंधरा वर्षांची पोर.

पोचल्या पोचल्या, ८ ऑक्टोबरला, तिनं मावशीला पत्र लिहिलं. ते पत्र आजही सिडनीच्या सरकारी ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. त्यात ती सांगते की, मला कुणी म्हणतं जन्मठेप आहे, पण गव्हर्नर म्हणाले सातच वर्षं. संधी मिळाली की दोन-तीन वर्षांत परत येण्याचा प्रयत्न करीन, तोवर आहे त्यात सुख मानीन. मैत्रिणींनो, त्या पोरीला लिहितावाचता येत होतं म्हणून तिचं स्वतःचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं. त्या जहाजातल्या ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं फक्त नाव आणि शिक्षा उरली.

पुढे सिडनीत तिला एका अधिकाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायचं काम मिळालं. १७९४ साली, सतरा वर्षांची असताना, तिचं लग्न झालं. नवरा थॉमस रीबी, आयर्लंडचा, ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेला. आपल्यावर राज्य करणारी तीच कंपनी. त्या दोघांनी हॉक्सबरी नदीकाठी शेती केली, मग छोट्या होड्यांतून धान्य आणि कोळसा वाहायला लागले, मग मोठी जहाजं घेतली. त्यांच्या सिडनीतल्या घराचं नाव एंटाली. हे नाव आहे कोलकात्यातल्या एका भागाचं. म्हणजे बघा, त्या घराच्या पाटीवरसुद्धा आपल्या देशाची खूण होती.

थॉमस सारखा समुद्रावर. घरी कोण? मेरी. मुलं सात: तीन मुलगे, चार मुली. दुकान, गोदाम, उधारी-वसुली, गडीमाणसं, सगळं तिच्याच अंगावर. पण त्या काळातले व्यवहाराचे कागद उघडले तर नाव दिसतं थॉमस रीबीचं. कारण त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरली जायची. कुमारिका आणि विधवा स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकत होत्या, सवाष्ण नाही. इंग्लंडमध्ये हे पुरतं बदलायला १८८२ साल उजाडावं लागलं.

मग १८११ साल आलं. थॉमस भारताच्या सफरीवर असताना त्याला ऊन लागलं होतं. त्यातून तो सावरलाच नाही आणि एप्रिलमध्ये गेला. महिन्याभरात धंद्यातला भागीदारही गेला. मेरी तेव्हा तेहतीस वर्षांची. पदरी सात मुलं, जहाजं, गोदामं, शेतं, आणि लोकांकडे अडकलेले पैसे.

आणि इथून पुढे मेरी रीबी हे नाव कागदावर दिसायला लागतं. १८१२ मध्ये तिनं सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर नवं गोदाम उघडलं. १८१७ मध्ये आणखी जहाजं धंद्यात उतरवली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातली पहिली बँक, बँक ऑफ न्यू साउथ वेल्स, सुरू झाली, ती हिच्याच घरात भाड्यानं. तीच बँक आज वेस्टपॅक या नावानं चालते. १८२० च्या सुमाराला तिच्याकडे हजार एकराच्या आसपास जमीन होती. पुढे सिडनीतल्या एका शाळेच्या कारभारी मंडळातही तिला घेतलं.

आम्ही हे वाचलं तेव्हा गटातली एक ताई पटकन बोलून गेली, "म्हणजे नवरा मेल्यावर बाई दिसायला लागली." खोलीत एकदम शांतता झाली. कारण आमच्यात चार जणी विधवा आहेत, आणि त्यांना ते बरोबर लागलं होतं.

आता मुद्द्याचं. दोनशे वर्षांपूर्वीची ही बाई लोकांनी शोधली कशी? घराण्याचा इतिहास शोधणारे लोक एक साधा नियम पाळतात. जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मरणापासून जन्माकडे.

मेरी गेली ३० मे १८५५ रोजी, सिडनीजवळच्या न्यूटाउनमध्ये. त्या प्रांतात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८५६ साली. एक वर्ष हुकलं. म्हणून तिच्या मरणाची नोंद सरकारी दप्तरात नाही, चर्चच्या वहीत बघावी लागते. लग्नाची नोंदही चर्चकडची. शिक्षेची नोंद कोर्टाच्या दप्तरात. प्रवासाची नोंद जहाजातल्या कैद्यांच्या यादीत. जमिनीची नोंद सरकारी जमीन खात्यात. धंद्याची नोंद कुठे? सिडनी गॅझेट नावाचं वर्तमानपत्र १८०३ पासून निघत होतं, त्यातल्या जाहिरातींत. अमुक माल आला आहे, अमुक जहाज सुटणार आहे, ज्यांच्याकडे येणं आहे त्यांनी ते चुकतं करावं. अशा दोन-दोन ओळींच्या जाहिराती एकापुढे एक मांडल्या की धंदा कसा वाढला ते दिसतं.

शोधताना अडचणी येतात त्याही ऐका. पहिली, नावाची. जन्माची मेरी हेडॉक, कैदेतली जेम्स बरो, लग्नानंतर मेरी रीबी. त्यात रीबी हे आडनाव जुन्या कागदांत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं. जेम्स बरो म्हणजेच मेरी, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा शोध तिथंच थांबला असता.

दुसरी अडचण, कागदही खोटं बोलतो. १८२८ साली त्या वसाहतीत नावनिशीवार जनगणना झाली. प्रत्येकाला विचारलं, तू इथं कशी आलीस? कैदी म्हणून आलीस, स्वखुशीनं आलीस, की इथंच जन्मलीस? मेरीनं सांगितलं, मी १८२१ साली स्वखुशीनं आले. आता १८२० मध्ये ती दोन मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली होती, आणि १८२१ ला परतली होती हे खरं. त्या खेपेला ती स्वतःच्या पैशानं आली हेही खरं. पण १७९२ चं जहाज तिनं पुसून टाकलं. का पुसलं असेल? मोठ्या घरात वावर होता, मुलीबाळी होत्या. कैदी हा शिक्का कुणाला हवा असतो? एकच कागद पाहिला असता तर पुढच्यांची फसगत झाली असती. दुसऱ्या दप्तराशी ताडून पाहिलं म्हणून खरं कळलं. म्हणून एका कागदावर कधी विसंबू नये.

तिसरी गोष्ट. शोध घ्यायचा तर जे सापडेल ते सगळं मांडायचं, फक्त गोडगोड नाही. १८१७ मध्ये एका देणेकऱ्याला मारहाण केल्याबद्दल मेरीला कोर्टानं दोषी ठरवलं होतं. ती देवी नव्हती. आणि हॉक्सबरी नदीकाठची ती शेतं, ती मुळात दारुग या तिथल्या आदिवासी लोकांची भूमी. इंग्रज सरकारनं ती आपली म्हणून वाटली. जमीन ज्याला मिळाली त्याचं नाव कागदावर आहे, ज्यांची गेली त्यांचं नाही. आपल्याकडेही धरणाखाली, जंगलात कितीतरी लोकांचं असंच झालं आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाववेना.

आता तो डोक्यातला किडा.

मेरीची गोष्ट संपल्यावर आम्ही बैठकीत एक खेळ घेतला. कागद-पेन दिलं आणि सांगितलं, आपल्या आईचं नाव लिहा, आजीचं लिहा, पणजीचं लिहा. आईचं सगळ्यांनी लिहिलं. आजीच्या वेळी पेनं अडखळली. पणजीचं नाव बारा जणींत फक्त दोघींना आलं. पणजोबांचं मात्र सात जणींना आलं. एक मावशी म्हणाल्या, "आमची आजी लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पाच गावचे बाजार करायची. तिच्या पैशावर घर उभं राहिलं. पण तिचं खरं नाव काय, ते सांगायला आता कुणी उरलं नाही. सगळे तिला 'थोरली' म्हणायचे."

आम्ही ठरवलं, थोरलीचं नाव शोधायचं. मेरीला शोधलं तसंच, मागे मागे जात. तलाठी कार्यालयात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलो. आधी सातबारा, मग त्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार. मैत्रिणींनो, बायकांची नावं कुठं सापडतात ठाऊक आहे? वारसाच्या नोंदीत. घरातला पुरुष गेला की विधवेचं आणि मुलींचं नाव फेरफारात चढतं. आणि मग थोड्याच दिवसांनी पुढचा फेरफार येतो हक्कसोडपत्राचा. म्हणजे लेकीचं नाव कागदावर येतं तेच मुळी पुन्हा जाण्यासाठी. आम्ही असे फेरफार वाचत होतो आणि एकमेकींकडे बघत होतो. आमच्यातल्या कितीतरी जणींनी तसल्याच कागदावर सही केलेली आहे.

शेवटी एका फेरफारात थोरलीचं नाव सापडलं. नवरा गेल्यावरची वारस नोंद, नावापुढे 'विधवा' आणि डाव्या हाताचा अंगठा. मावशींनी त्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं आणि डोळे पुसले. नाव होतं काशीबाई. पण ते सासरचं. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे माहेरचं नाव वेगळं असणार. आजीच्या माहेरगावी अजून जायचं आहे. लुगड्यांच्या धंद्याचा उल्लेख मात्र कुठल्याच कागदावर नाही. पाच गावचे बाजार आणि एका ओळीची नोंद नाही.

तुम्हालाही शोधायचं असेल तर सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करा. आज आहेत, उद्या नसतील. नावं विचाराल तेव्हा माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, तिन्ही लिहून घ्या. मग सातबारा आणि फेरफार. जुन्या काळच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असत, त्या तहसीलला विचारा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये असतील तर त्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळतात. फार जुने कागद मोडीत असतात, ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. आणि सापडलेल्या प्रत्येक कागदाची तारीख नि तो कुठं मिळाला हे लिहून ठेवा.

पण मैत्रिणींनो, मेलेल्या माणसांचे कागद शोधण्यापेक्षाही निकडीचं एक काम आहे. आमच्या गटातल्या एका वहिनींचा पापड-शेवयांचा धंदा आहे. अठरा वर्षं झाली. पीठ त्यांचं, हात त्यांचे, गिऱ्हाईक त्यांनी जोडलेलं. दुकानाचा परवाना नवऱ्याच्या नावावर, वीजबिल दिराच्या, जागा सासऱ्यांच्या. भाऊजी दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. वहिनी धंदा वाढवायला कर्ज मागायला गेल्या तेव्हा समोरच्या साहेबांनी विचारलं, "बाई, धंदा तुमचा आहे याला पुरावा काय?" अठरा वर्षं पहाटे चारला उठणारी बाई त्या खुर्चीवर नुसती बसून राहिली.

त्या रात्री आम्ही गटाची जुनी दप्तरं काढली. ट्रंकेत खाली, उंदरांनी कोपरे कुरतडलेली. त्यात बैठकीचं इतिवृत्त होतं: अमुक तारीख, पापड मशीनसाठी पंधरा हजार कर्ज मंजूर, नाव वहिनींचं. पुढे दर महिन्याची परतफेड. मग उडीद डाळीसाठी कर्ज, परतफेड. मग पिठाच्या गिरणीसाठी. बारा वर्षांच्या नोंदी, प्रत्येकीखाली त्यांची सही. आधी डुगडुगती, नंतर नंतर ठसठशीत. त्या सगळ्यांच्या प्रती जोडून, गटाचा ठराव लावून आम्ही पुन्हा गेलो. तीन खेपा झाल्या, पण कर्ज मिळालं. आता परवाना वहिनींच्या नावावर आहे, उद्यम नोंदणीही.

आपल्या गटाची पंचसूत्री आपण दर बैठकीला म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. खरं सांगायचं तर पाचवं सूत्र सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. "लिही गं तू," म्हणून वही एकीच्या गळ्यात मारतो. आम्हीही तेच करत होतो. पण मेरी रीबी दोनशे वर्षांनी सापडली ती असल्याच कंटाळवाण्या ओळींमधून. आणि वहिनींना कर्ज मिळालं तेही तसल्याच ओळींमुळे.

म्हणून आम्ही आमच्या गटात तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, प्रत्येक कर्जासमोर नुसतं 'घरखर्च' किंवा 'धंदा' न लिहिता कशासाठी ते नेमकं लिहायचं. दोन, ज्या बाईचा धंदा आहे तिच्या नावावर परवाना, बँक खातं, बिलबुक असं निदान एक तरी कागद या वर्षात करायचाच. नवरा हयात असताना, गोडीगुलाबीनं. विधवा होईपर्यंत थांबायचं नाही. तीन, वहीच्या शेवटी प्रत्येकीसाठी एक पान. त्यावर तिचं नाव, आईचं, आजीचं आणि जमलं तर पणजीचं. सरकारनंही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलंय. पुढच्या पोरींना शोधायला थोडं सोपं जाईल. पण मागच्या आयांचं काम आपल्यालाच करायचं आहे.

त्या मावशींनी आपल्या पानावर पहिली ओळ लिहिली आहे. आम्ही त्यांना विचारून इथं सांगतो: "काशीबाई, लुगडी विकणारी, पाच गावचे बाजार." सरकारी दप्तरात जे नव्हतं, ते आता आमच्या वहीत आहे.

आज रात्री जेवताना सासूबाईंना त्यांच्या आजीचं नाव विचारा. लगेच लिहून ठेवा, भले कॅलेंडरच्या मागे का होईना. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, तेव्हा तुम्हाला काय काय सापडलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.